पेटिना गप्पा वाचायच्या आहेत? सुरुवात कुठून आणि कशी करावी

झिंबाब्वेच्या पेटिना गप्पा यांची कथा-कादंबऱ्यांची चार पुस्तके आहेत. चारही इंग्रजीत, आणि इंग्रजीही अवघड नाही. तरी पुष्कळ नवे वाचक पहिल्याच पुस्तकात तिसऱ्या-चौथ्या कथेशी अडखळतात आणि पुस्तक कपाटात जाते. कारण बहुधा एकच असते: आफ्रिकेची गोष्ट म्हणजे दारिद्र्य, रोगराई आणि हुकूमशहा, असे मनाशी ठरवून माणूस गंभीर चेहऱ्याने वाचायला बसतो. गप्पांच्या कथांत हे तिन्ही आहे. पण त्या ते विनोदातून सांगतात, आणि तो विनोद सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. कोण बोलतोय आणि आपण किती हास्यास्पद बोलतोय याचा त्याला पत्ता आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक कथेच्या पहिल्या पानावर विचारले तर निम्मी वाट सोपी होते. उरलेल्या वाटेसाठी हे टिपण.

हाताशी काय असावे

- पुस्तके, प्रकाशनक्रमाने: 'ॲन एलिजी फॉर ईस्टरली' (२००९, कथा), 'द बुक ऑफ मेमरी' (२०१५, कादंबरी), 'रॉटन रो' (२०१६, कथा), 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' (२०१९, कादंबरी). वाचायची मात्र या क्रमाने नाहीत.
- झिंबाब्वेचा साधा नकाशा. हरारे, गुटू आणि चिवू ही ठिकाणे सापडली की पुरे. चौथ्या पुस्तकासाठी झांबिया, टांझानिया आणि झांझिबारही लागेल.
- खाली दिलेल्या तारखांची चिठ्ठी, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला.
- पेन्सिल.

१. पुस्तक शोधताना

देवनागरीत 'गप्पा' टाकून शोधाल तर जगभरच्या गप्पाटप्पा समोर येतील, लेखिका येणार नाही. रोमन लिपीत शोधा; आडनावात 'पी' दोनदा आणि शेवटी 'एच' आहे. हा 'एच' गाळला की दुकानांच्या संकेतस्थळावर निकाल निम्मे होतात.

चारही पुस्तके लंडनच्या फेबरने काढली आहेत. अमेरिकी आवृत्त्या वेगळ्या प्रकाशकांच्या आणि वेगळ्या मुखपृष्ठांच्या आहेत, त्यामुळे एकच पुस्तक दोनदा मागवले जाऊ शकते. मागवण्याआधी नाव आणि वर्ष पाहून घ्या. एकच घ्यायचे असेल तर पहिला कथासंग्रह घ्या. ई-पुस्तकाचा नमुना उतरवून निर्णय घेत असाल तर एक लक्षात ठेवा: नमुन्यात येते ती संग्रहातली पहिली कथा, आणि सुरुवातीला वाचायची कथा ती नव्हे.

२. लेखिकेची ओळख, कामापुरती

जन्म १९७१चा, झांबियातल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात. बालपण तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, सॉल्सबरी शहरातल्या ग्लेन नोरा या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळा उघडल्या, आणि अशा शाळेत गेलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय मुलांत त्या होत्या. पुढे झिंबाब्वे विद्यापीठात कायदा, केंब्रिजला पदव्युत्तर शिक्षण, ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात डॉक्टरेट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या जिनिव्हाला गेल्या आणि जागतिक व्यापार संघटनेच्या तंट्यांशी संबंधित वकिली कामात बरीच वर्षे राहिल्या. विकसनशील देशांना अशा तंट्यांत सल्ला देणाऱ्या संस्थेतही त्यांनी काम केले.

हे सगळे सांगायचे कारण, त्यांच्या विनोदाची दोन उगमस्थाने इथेच आहेत. एक, वसाहतीतल्या बायकांचे बोलणे: भिंतीपलीकडे कोण कोणाकडे आले, कोणाच्या लग्नात काय कमी पडले. दुसरे, वकिली गद्य. निकालपत्रात न्यायाधीश जसा अत्यंत वेडगळ वस्तुस्थितीचा उल्लेख काडीमात्र भाव न दाखवता करतो, तसे त्यांचे वाक्य चालते. पहिल्याच पुस्तकाला २००९चा 'गार्डियन'चा पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर लोक त्यांना झिंबाब्वेचा आवाज वगैरे म्हणू लागले आणि त्यांनी ते बिरुद नाकारले. वाचकानेही ते बाजूला ठेवावे. एका देशाचा आवाज शोधत वाचले की कथेतला एकेकट्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही.

३. तारखांची चिठ्ठी

कथांत साल क्वचितच सांगितलेले असते, खुणा मात्र असतात.

- १९६५: इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. पुढची बरीच वर्षे युद्धाची.
- १८ एप्रिल १९८०: झिंबाब्वे स्वतंत्र, सत्ता मुगाबेंकडे. १९८२ मध्ये सॉल्सबरीचे हरारे झाले.
- २०००: गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेण्याची लाट.
- मे २००५: 'ऑपरेशन मुरांबात्स्विना'. शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या बुलडोझरने पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख लोकांचे घर किंवा रोजगार गेला.
- २००८: महागाईचा कळस. जुलै २००८चा सरकारी आकडाच तेवीस कोटी टक्क्यांच्या वर होता.
- नोव्हेंबर २०१७: मुगाबे पायउतार.

या चिठ्ठीचा उपयोग असा: कथा वाचून झाली की ती कोणत्या दोन तारखांच्या मध्ये बसते ते पेन्सिलीने वर लिहा. एका फसव्या गोष्टीपासून मात्र जपा. दोन कथांतल्या किमतींची तुलना करू नका. २००६ मध्ये झिंबाब्वेच्या डॉलरवरची तीन शून्ये पुसली, २००८ मध्ये दहा, २००९च्या सुरुवातीला आणखी बारा. त्याच जानेवारीत शंभर ट्रिलियनची नोट निघाली होती, एकावर चौदा शून्ये. तेव्हा एका कथेतला लाख आणि दुसरीतला लाख यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

४. पहिल्या संग्रहातल्या तेरा कथा: कोणती आधी

इथे घाई करू नका. या संग्रहाचा सूर लागला की उरलेली तीन पुस्तके आपोआप वाचून होतात.

आधी 'द मुपांडावाना डान्सिंग चँपियन'. मुपांडावाना हे गुटू जिल्ह्यातले छोटे बाजाराचे गाव. म्हातारा व्हिटालिस मुकारो फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. पेन्शन म्हणून त्याच्या हातात पडले बुटांचे तीन जोड. पैशाला किंमत उरलेली नाही, म्हणून तो गावात शवपेट्या करायला लागतो, आणि अशा काळात तो धंदा बरा चालतो. म्हातारा नाचतो मात्र असा की तरुण पोरे बाजूला सरतात. पुढचे सांगत नाही. दोन गोष्टी पाहा. पहिली, कथा 'आम्ही' सांगतो, म्हणजे अख्खे गाव, आणि गावाला यात काही विशेष वाटत नाही. दुसरी, शीर्षकाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून पाहा: एमडीसी. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या, त्या काळच्या प्रमुख विरोधी पक्षाची तीच. सत्ताधाऱ्यांच्या राज्यात नाचाच्या स्पर्धेला असे नाव देणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे समजवायला नको.

मग 'अवर मॅन इन जिनिव्हा विन्स अ मिलियन युरोज'. वकिलातीतल्या एका गरीब स्वभावाच्या अधिकाऱ्याला ईमेल येते की त्याला लॉटरी लागली. ही फसवणूक आहे हे आपल्याला पहिल्याच पानावर कळते. लेखिकेलाही आपल्यापासून ते लपवायचे नाही. मजा आहे ती त्याच्या मनातल्या हिशेबांत. इथे धक्क्याची वाट पाहणारा वाचक निराश होतो. एकेक पायरी उतरताना पाहणारा नाही.

तिसरी 'समथिंग नाइस फ्रॉम लंडन'. लंडनला मेलेल्या मुलाचे शव येणार म्हणून कुटुंब हरारेच्या विमानतळावर खेटे घालते, आणि शव काही येत नाही. दरम्यान गावाकडून नातेवाईक येऊन बसले आहेत, त्यांना रोज दोन वेळ जेवायला घालायचे आहे. सुतकाच्या घरात रडण्यापेक्षा रव्याची आणि दुधाची चिंता मोठी होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा कुठे हसायचे ते सांगावे लागत नाही.

चौथी 'ऑन्ट जुलियानाज इंडियन'. मराठी वाचकाने ही चुकवू नये. जुलियाना एका भारतीय दुकानदाराकडे, वासवानीकडे, नोकरी करते. काळ स्वातंत्र्याच्या निवडणुकीच्या आसपासचा. सांगणारे लहान मूल. ऱ्होडेशियात भारतीय माणूस गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर अशा मधल्या पायरीवर होता. त्या पायरीवरून तो कसा वागतो हे मूल जसेच्या तसे सांगते, न्यायनिवाडा करत नाही. आपला माणूस वाईट रंगवला म्हणून रागावू नका आणि त्याची बाजूही शोधत बसू नका.

पाचवी 'द क्रॅक्ड, पिंक लिप्स ऑफ रोझीज ब्राइडग्रूम'. संग्रहातली सर्वांत छोट्या कथांपैकी एक. लग्नाला आलेले पाहुणे नवऱ्याचे ओठ पाहतात आणि त्यांना कळते. काय कळते ते कथा उच्चारत नाही. नवा वाचक इथे हमखास अडखळतो. नव्वदच्या दशकात आणि नंतर झिंबाब्वेत एड्सने घरेच्या घरे बसली, पण आजाराचे नाव कोणी तोंडाने घेत नसे. गप्पांच्या कथांत तरुण माणूस 'थोडा आजारी होता' आणि मेला असे दिसले की लेखिका काही विसरली असे समजू नका.

हे झाले की उरलेल्या कोणत्याही क्रमाने. राष्ट्रीय वीर म्हणून पुरल्या जाणाऱ्या नेत्याची बायको बोलते ती 'ॲट द साउंड ऑफ द लास्ट पोस्ट' संग्रहात पहिली आहे, पण हरारेच्या हिरोज एकर या राष्ट्रीय वीरांच्या दफनभूमीत कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही याचे राजकारण माहीत नसताना ती कोरडी वाटते. शीर्षककथा सर्वांत शेवटी ठेवा. ती झोपडपट्टीची कथा आहे, बुलडोझर येणार हे तारखांच्या चिठ्ठीवरून तुम्हाला माहीत असते आणि तिथल्या माणसांना नसते. तिच्यात हसू सर्वांत कमी आहे. तिने सुरुवात केलेल्यांनीच पुस्तक मिटलेले असते.

५. नाती आणि नावे

शोना या तिथल्या भाषेतल्या शब्दांचा अर्थ बहुतेक जागी दिलेला नसतो, आणि दर शब्दाला थांबून शोधायचीही गरज नाही. एवढे आले की चालते: तेते म्हणजे आत्या, आणि लग्नाच्या बाबतीत तिचा शब्द चालतो. सेकुरू म्हणजे आजोबा, पण मामाही. अंबुया म्हणजे आजी, आणि सासूही. म्धारा म्हणजे म्हातारबा. साद्झा म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले रोजचे अन्न. रोओरा म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायचे लग्नाचे धन. कोंबी म्हणजे वडाप, आणि तिच्या दारात लटकून ओरडणारा तो ह्विंडी.

मामा-आत्या वेगळे ठेवणाऱ्या भाषेतून आलेल्या आपल्याला हे इंग्रज वाचकापेक्षा सोपे जाते. इंग्रजीत सगळ्याच 'ऑन्ट' होतात. ही बापाच्या बाजूची की आईच्या, एवढे पाहिले की तिचा अधिकार कळतो.

नावांचे वेगळे आहे. मेमरी, काइंडनेस, लव्हनेस ही लेखिकेने प्रतीक म्हणून घडवलेली नावे नाहीत. झिंबाब्वेत अशी इंग्रजी शब्दांची नावे सर्रास ठेवतात. प्रत्येक नावात गूढ अर्थ शोधणारी परीक्षणे वाचली की हसू येते.

६. 'रॉटन रो'

हरारेत रॉटन रो नावाचा रस्ता आहे. त्यावर फौजदारी न्यायालय आहे आणि सत्ताधारी पक्षाचे मुख्यालयही. या वीस कथांत कुठेतरी गुन्हा आहे, आणि गुन्ह्याभोवतीची सगळी माणसे बोलतात.

इथे अडचण वेगळी: कथा कथेच्या रूपात येत नाहीत. 'इन द मॅटर बिट्वीन गोटो अँड गोटो' ही नवरा-बायकोच्या खटल्याच्या निकालपत्रासारखी लिहिली आहे. 'फ्रॉम अ टाउन कॉल्ड एनकेलडोर्न' ही इंटरनेटवरच्या चर्चेतल्या नोंदींची माळ आहे. एनकेलडोर्न हे चिवू गावाचे जुने नाव. पहिली वाचताना वरवर नजर टाकून 'मुद्द्याकडे' जाऊ नका, कायद्याची ती लांबण हाच मुद्दा आहे. ओळखीत कोणी वकील असेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. दुसरीसाठी कागदावर टोपणनावे लिहून समोर कोण कोणत्या बाजूचा ते टिपत जा, नाहीतर पाचव्या नोंदीला गोंधळ होतो.

सुरुवात मात्र 'द न्यूज ऑफ हर डेथ'ने करा. केसांच्या वेण्या घालायचे दुकान, काम करणारी मुलगी काइंडनेस मेल्याची बातमी, आणि हात चालू ठेवून बोलणाऱ्या बायका. पूर्ण कथा बहुतेक संवादांत उलगडते. 'कोपाकबाना'च्या नावाची जी कथा आहे ती कोंबीच्या थांब्यावरच्या जमावाची. ती रात्री झोपताना वाचू नका.

७. 'द बुक ऑफ मेमरी'

मेमरी ही वर्णहीन त्वचेची स्त्री हरारेच्या चिकुरुबी तुरुंगात फाशीच्या प्रतीक्षेत आहे. तिला वाढवणाऱ्या लॉइड या गोऱ्या माणसाच्या खुनाचा आरोप सिद्ध झालेला. वकिलाच्या सांगण्यावरून ती आपली हकीकत एका अमेरिकी पत्रकार बाईसाठी लिहून काढते.

खून कोणी केला यासाठी वाचाल तर मधल्या भागात कंटाळाल. मेमरीला काय आठवते आणि ते कितपत खरे, यासाठी वाचा. आई-वडिलांनी आपल्याला विकले असे ती सुरुवातीलाच सांगते. त्या वाक्यापाशी पेन्सिलीने खूण करा आणि पुस्तक संपल्यावर तिथे परत या. शेवट कळेल असे काहीही आधी वाचू नका, मागचा मजकूरसुद्धा नको. हसू हवे असेल तर तुरुंगातली प्रकरणे पाहा, विशेषतः सिनोडिया आणि लव्हनेस या पहारेकरी बायका तोंड उघडतात तेव्हा.

जाता जाता: झिंबाब्वेत शेवटची फाशी २००५ मध्ये झाली आणि फाशीची शिक्षा डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याने रद्द झाली. कादंबरी लिहिली तेव्हा ती होती.

८. चौथे पुस्तक, नाशिकमार्गे

ही ऐतिहासिक कादंबरी आहे आणि मराठी वाचकासाठी तिचे दार बाकीच्यांपेक्षा जवळ आहे. १ मे १८७३ रोजी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी हृदय आणि आतडी तिथेच झाडाखाली पुरली, शरीर मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवले, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळले आणि शेकडो कोस चालत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी ते वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरले गेले. इतिहासात नाव उरले ते लिव्हिंगस्टनचे. गप्पांनी पुस्तक वाहणाऱ्यांच्या ताब्यात दिले.

त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. गुलामांच्या व्यापारातून सुटलेला हा मुलगा नाशिकच्या शरणपूरला शिकला. चर्च मिशनरी सोसायटीने तिथे अशा सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. इंग्रजीबरोबर सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवत. १८६६च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन मुंबईहून झांझिबारला निघाला तेव्हाही नाशिकची नऊ मुले त्याच्याबरोबर होती, आणि चुमा हा त्याचा सोबती त्याआधी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या नाशिककरांना हे सहसा माहीत नसते. कादंबरी उघडण्यापूर्वी एवढे डोक्यात असू द्या.

वाचताना:

- पात्रांची चिठ्ठी करा: सुसी, चुमा, अमोदा, हलीमा, न्तावेका, जेकब. पहिल्या पन्नास पानांत नावे भराभर येतात.
- पहिला भाग हलीमा या स्वयंपाकिणीचा. ती तोंडाळ, चहाडखोर आणि सगळ्यांपेक्षा शहाणी. तिला झांझिबारला स्वतःचे घर हवे आहे आणि ती ते विसरू देत नाही. हे लेखिकेच्या पदरचे नव्हे. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीतच हलीमाला झांझिबारला घर आणि बाग घेऊन देण्याचा बेत नोंदलेला आहे.
- पुढचा मोठा भाग जेकबची रोजनिशी. इथे बरेच वाचक थांबतात, कारण भाषा एकदम पाद्र्याच्या प्रवचनासारखी जड होते. ती मुद्दाम तशी आहे. जेकबला स्वतःच्या इंग्रजीचा आणि धर्मनिष्ठेचा भारी अभिमान, आणि इतरांच्या पापांवर त्याची बारीक नजर. एक पान मोठ्याने वाचा, गंमत कानाला आधी कळते. खऱ्या जेकबनेही रोजनिशी लिहिली होती आणि लिव्हिंगस्टनच्या दफनाला तो वेस्टमिन्स्टरमध्ये हजर होता.
- हलीमाचा भाग संपल्यावर लगेच जेकबकडे जाऊ नका. दोन दिवस मध्ये जाऊ द्या, नाहीतर तिचा आवाज डोक्यात राहतो आणि तो उगाच रटाळ वाटतो.

९. त्यानंतर

गप्पा यांनी तिनाशे मुचुरी यांच्यासह ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चे शोना भाषांतर सिद्ध केले, ते 'चिमुरेंगा चेम्हुका' या नावाने २०२३ मध्ये आले. चिमुरेंगा हा तिथल्या मुक्तिसंग्रामासाठीचा पवित्र शब्द. तो डुकरांच्या क्रांतीला लावणे म्हणजे त्यांच्या विनोदाची जात एका शीर्षकात कळते. शोना येत नसेल तर विकत घ्यायचे कारण नाही.

वाचनगटात घ्यायच्या असतील तर पहिल्या बैठकीला अख्खे पुस्तक ठेवू नका. रोझीच्या नवऱ्याची कथा एकाने तिथेच वाचून दाखवावी, 'मुपांडावाना' सगळ्यांनी घरून वाचून यावी. महागाईच्या काळातली झिंबाब्वेची रद्द झालेली नोट नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडे मिळते. मिळाली तर टेबलावर ठेवा आणि शून्ये मोजायला सांगा.